चार काचा, एक हँडल

मित्रांनो, मी एक जुने हँडल आहे. सायकलचे नव्हे, पिशवीचेही नव्हे. मोटारीच्या दारात आतल्या बाजूला जे गरगर फिरवले की काच वरखाली होते, ते. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जात पाहिलीही नसेल. आता गाड्यांना बटणे असतात आणि बोट लावले की काच आपली आपण सरकते. हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला मोठाच धक्का बसला होता. पण माझा स्वभावच तसा आहे. मला उठल्यासुटल्या धक्के बसतात. त्यांतले बहुतेक दुसऱ्या दिवशी विसरले जातात. एक मात्र असा बसला, की त्यातून मी अजून सावरलेलो नाही. तोच सांगायला तुमच्यापुढे आलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड केला आणि मी टणकन बाहेर पडलो. मला वाटले होते, जगात असा मी एकटाच. पाहतो तर शेजारी अगदी माझ्यासारख्यांचा ढीग! हा माझा पहिला धक्का. मग माझ्या टोकाला एक काळी गोल मूठ बसवली आणि आम्हा चौघा भावंडांची रवानगी एका पांढऱ्या मोटारीच्या चार दारांवर झाली.

ही मोटार पुढे एका ड्रायव्हरने घेतली आणि ती टॅक्सी झाली. तिला एसी नव्हता. तरीही भर उन्हाळ्यात लोक याच गाडीची वाट पाहत थांबत, कारण आमच्या ड्रायव्हरला गाडी गार ठेवण्याची विद्या येत होती. त्याचे टोपणनावच पडले होते 'गारेगार'.

त्याच्या युक्त्या साध्याच होत्या. तापलेल्या गाडीत तो कधी एकदम शिरत नसे. आधी चारही दारे सताड उघडी ठेवायचा, आतली कोंडलेली वाफ जाऊ द्यायचा, मगच माणसे बसवायचा. गाडी उभी केली की पुढच्या काचेवर जुनी चादर टाकायचा आणि स्टिअरिंगवर पांढरा टॉवेल. आपल्या खिडकीत ओला पंचा अडकवायचा. पण त्याची खरी करामत काचांत होती. सगळ्या काचा उघडल्या की वारा नुसता कानात घोंघावतो, अंगाला लागत नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणून तो पुढची डावी काच चार बोटे खाली करी आणि मागची उजवी पूर्ण. वारा एका कोपऱ्यातून आत शिरायचा, सगळ्यांच्या अंगावरून फिरायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यातून निघून जायचा. प्रवासी डोळे मिटून म्हणायचे, "वा!" आणि मी मनातल्या मनात फुगायचो. काच फिरवणारा मी होतो ना!

सावलीच्या बाबतीत तर तो कोणाला हार जात नसे. झाडाची सावली, भिंतीची सावली, जाहिरातीच्या फलकाची सावली. कुठली कुठे आणि किती वेळ टिकेल हे तो मान वर न करता सांगायचा. "सूर्य माझ्या घरचाच आहे," असे तो म्हणे. मोठेपणा करायची त्याला भारी हौस.

बाकी गाडीच्या दुरुस्तीत मात्र सगळा आनंदीआनंद होता. माझ्या एका भावंडाला एका आडदांड प्रवाशाने असे काही पिळले की ते कडकन मोडले. दुसरे सैल होऊन सुटले, तर एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थांनी ते खिशात घातले आणि चालते झाले. सभ्य दिसणाऱ्या! मी पाहतच राहिलो. तिसऱ्याला खुद्द आमच्या ड्रायव्हरनेच बॅटरीवर ठोकायला वापरले आणि त्याचे दोन तुकडे केले. उरलो मी एकटा. चार काचा आणि एक हँडल.

नवीन हँडल आणायला हवे, हे ड्रायव्हर रोज म्हणायचा आणि रोज "उद्या बघू" म्हणून गाडी चालू करायचा. मग माझी वरात सुरू व्हायची. "हँडल इकडे द्या हो," मागून कोणीतरी म्हणे. मला दारावरून उपसून हातोहात मागे पाठवत. तिथली काच उतरली की, "आता पुढे द्या." सर्दी झालेल्या बाई काच वर करायच्या आणि त्यांच्या शेजारच्या बाई माझ्यावर झडप घालून ती पुन्हा खाली करायच्या. एकदा तर दोघींनी मला दोन्हीकडून ओढले. शिकल्यासवरलेल्या बायका त्या, शाळेत शिकवायला जात होत्या! कुठे तोंड लपवावे ते मला कळेना. शेवटी ड्रायव्हरने नियमच केला. काचा तोच लावणार, तोच उघडणार आणि काम झाले की मला काढून शर्टाच्या खिशात ठेवणार. तिथे कंगवा आणि चष्मा यांच्या शेजारी माझा मुक्काम असे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मागची दोन्ही दारे आतून उघडत नसत. आतल्या खटक्यांची तार केव्हाच तुटली होती. पण गारेगार कसला वरमतोय! गाडी थांबली की तो टुणकन उतरे, बाहेरून दार उघडे आणि अदबीने म्हणे, "या साहेब." लोकांना वाटायचे, काय हा मान! मला मात्र खरी गोष्ट ठाऊक होती.

एका उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या ताईचा पाय मोडला. पडदा लावायला स्टुलावर चढली आणि पडली. ताई शिवणकाम करायची. तिच्या हातचे काम सुबक आणि जीभ कात्रीइतकीच धारदार. म्हणायला बहीण, पण आई गेल्यावर तिनेच ड्रायव्हरला वाढवले होते. आता त्याचे केस पांढरे झाले होते, तरी तिच्या लेखी तो 'धाकट्या'च होता. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून ताई दवाखान्यातून निघाली आणि धाकट्याच्या घरी राहायला म्हणून आमच्या गाडीत बसली. बसली म्हणजे काय, मागच्या सीटवर पाय लांब करून आडवी झाली. कुबड्या डिकीत गेल्या. हाताशी पाण्याचा स्टीलचा थर्मास ठेवला.

"काय रे धाकट्या, गाडी आहे का भट्टी?" तिने पहिला प्रश्न केला.

"ताई, अजून निघालोच नाही आपण. निघू तर दे."

गाडी निघाली. ड्रायव्हरने काचा आपल्या पद्धतीने लावल्याच होत्या. वारा आत शिरला आणि ताईच्या कपाळावरचे केस भुरभुरू लागले.

"हं. बरं वाटतंय," ती म्हणाली.

"नुसतं बरं? गारेगार म्हण की!"

"तूच म्हण. स्वतःची पाठ स्वतःच थोपटायची तुला लहानपणापासूनची सवय आहे."

ड्रायव्हर खो खो हसला. दुखण्यावरच्या गोळ्यांची गुंगी होती, ताईला लगेच झोप लागली.

वाटेत इंजिन तापल्याचा काटा वर चढू लागला. रेडिएटरच्या पाइपची क्लिप सैल झाली होती आणि पाणी ठिबकत होते. ड्रायव्हरने गाडी सुट्या भागांच्या दुकानासमोर घेतली. त्या रस्त्यावर सगळी अशीच दुकाने होती. कुठे टायर, कुठे बॅटऱ्या आणि एका बाजूला फरशी कापण्याचे यंत्र कर्कश आवाज करीत होते. त्याची पांढरी धूळ हवेत तरंगत होती. रस्त्याच्या कडेला एक भला मोठा ट्रक उभा होता आणि त्याची सावली चांगली ऐसपैस पडली होती. ड्रायव्हरने बरोबर तिच्यात गाडी बसवली. एक चाकसुद्धा उन्हात राहू दिले नाही.

ताई झोपेतच खोकली. धुळीने तिला त्रास होईल म्हणून ड्रायव्हरने खिशातून मला काढले आणि एकेक करून सगळ्या उघड्या काचा वर केल्या. आपला ओला पंचा तिच्या कपाळावर ठेवला. रस्त्यावर एकटी बाई झोपलेली म्हणून चारही दारांना कुलूप लावले. "हा गेलो नि हा आलो," असे तो पुटपुटला आणि मला खिशात टाकून दुकानात शिरला.

मित्रांनो, यातली प्रत्येक गोष्ट त्याने मायेने केली होती.

दुकानात पंख्याखाली दोन ड्रायव्हर बसले होते. त्यांतल्या एकाने नुकतीच एसी गाडी घेतली होती. दुकानदार क्लिप शोधायला आत गेला आणि हा एसीवाला म्हणाला, "काय गारेगार, आता तरी तो डबा भंगारात घाल. एसीशिवाय उन्हाळ्यात कोण बसतं रे?"

झाले! शेपटीवर पाय पडला. आमचा ड्रायव्हर काउंटरला टेकला आणि त्याने सुरुवात केली. कोपऱ्यातला वारा, ओला पंचा, चादर, सावल्या. एकही गोष्ट सोडली नाही. दुकानदार क्लिप घेऊन आला, ती त्याने काउंटरवर ठेवली. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. रंगात येऊन त्याने खिशातून मला काढले आणि वर धरले.

"हा बघा माझा एसी! याला ना गॅस लागत, ना मेकॅनिक."

सगळे हसले. मला सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा फार छान वाटले. आणि त्याच क्षणी दुकानाच्या दारातून माझी नजर रस्त्यावर गेली.

ट्रकचा ड्रायव्हर केबिनमध्ये चढत होता.

ट्रक घरघरला. हलला. पुढे गेला. आणि त्याच्याबरोबर सगळी सावली गेली. आमची पांढरी गाडी लख्ख उन्हात उघडी पडली. चारही काचा बंद. मी इथे, हातभर उंच, लोकांच्या कौतुकात!

मला ओरडायचे होते. मला तोंड नाही. मला आमच्या ड्रायव्हरच्या हातातून निसटून जमिनीवर पडायचे होते. त्याची पकड घट्ट होती. त्याची पाठ दाराकडे होती आणि तो सांगतच होता. "हवा ओळखता आली पाहिजे. आता माझी ताई आहे गाडीत. पाय मोडलाय बिचारीचा. पण कशी गाढ झोपली आहे म्हणून सांगू!" बाहेर फरशीचे यंत्र किंचाळत होते. गाडीतून कोणी हाक मारली असती तरी ती कोणाला ऐकू आली नसती. मला तर दिसत होते, मागच्या काचेवर आतून एक तळहात टेकला होता. तो वर सरकला, मग खाली आला, मग दिसेनासा झाला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. एकाएकी वीज गेली. डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. फरशीचे यंत्रही थांबले. सगळीकडे एकदम शांत झाले.

"आता कळेल तुम्हाला," आमचा ड्रायव्हर टाळी वाजवून म्हणाला. "चला, माझ्या गाडीपाशी चला. ताईला उठवू नका, नुसता दारातून हात आत घालून बघा. तुमच्या या दुकानापेक्षा गार लागलं नाही, तर नाव बदलून ठेवीन!"

सगळे हसत हसत उठले. एसीवाला, दुसरा ड्रायव्हर, दुकानदार, सगळे. पुढे आमचा ड्रायव्हर, मला बोटावर फिरवत. दुकानाच्या पायरीवर आला आणि तिथेच थिजला.

"ट्रक कुठे गेला?" तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

मग तो धावला. काचेला डोळे लावून त्याने आत पाहिले. ताई सीटवर वाकडी पडली होती. चेहरा लालबुंद. डोळे अर्धवट उघडे, पण ते कोणाकडेच पाहत नव्हते. ओला पंचा वाळून कडक झाला होता.

"ताई! ताई गं!"

आणि मित्रांनो, त्याने काय केले असेल? त्याने मला बाहेरून दारावर दाबले! बाहेरून! तिथे गुळगुळीत पत्र्याशिवाय काही नव्हते. मला आतल्या दांड्यावर बसवावे लागते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी तो मला त्या तापलेल्या पत्र्यावर दाबत होता आणि फिरवत होता, दाबत होता आणि फिरवत होता. त्याचा हात भाजत होता. माझ्या टोकाने पत्र्यावर ओरखडे उठत होते.

"किल्ली!" दुकानदार ओरडला. "अरे, किल्ली काढ! किल्ली!"

किल्ली त्याच्या पँटच्या खिशात होती. ती काढताना दोनदा पडली. शेवटी एसीवाल्यानेच ती उचलली आणि दार उघडले. आतून जो झोत बाहेर आला त्याने तोही मागे हटला.

चौघांनी मिळून ताईला उचलले आणि दुकानाच्या ओट्यावर सावलीत निजवले. फरशीवाले पाण्याची बादली घेऊन आले. कोणी मानेवर, काखेत ओली फडकी ठेवली, कोणी खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घातला. ताईचे अंग विस्तवासारखे तापले होते आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. मध्येच तिचे ओठ हलले. "धाकट्या, खोल पाण्यात जाऊ नकोस रे," ती म्हणाली. "मला पोहता येत नाही." तो तिच्या उशाशीच बसला होता, पण तिला तो दिसत नव्हता. ती त्याच्या लहानपणीच्या कुठल्यातरी नदीवर होती.

एसीवाल्याने आपली गाडी ओट्याला आणून लावली. तिच्यातूनच ताईला दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाईंनी तिला बर्फाच्या पिशव्या लावल्या, सलाइन लावले. संध्याकाळी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वाचल्या. पण थोडा उशीर झाला असता, तर मी काही सांगू शकले नसते."

"डॉक्टर, मी गाडी सावलीत लावली होती हो," ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला.

"सावली हलते. आणि सावलीत असली तरी बंद गाडी आतून तापतच जाते. वारा खेळत नाही तिथे कुठल्याच युक्तीचा उपयोग नाही."

ज्याला सूर्य घरचा वाटत होता, तो मान खाली घालून ऐकत होता.

त्याने खिशातले सगळे काढून ताईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवले होते. कंगवा, चष्मा आणि मी. म्हणून पुढचे मला ऐकायला मिळाले. ताईने डोळे उघडले. पाणी मागितले. मग क्षीण आवाजात विचारले, "धाकट्या, मी हाका मारत होते. कुठे होतास रे तू?"

त्याला खोटे बोलता आले असते. क्लिप मिळत नव्हती म्हणून सांगता आले असते. पण तो म्हणाला, "दुकानात होतो, ताई. माझी गाडी किती गार असते, ते सांगत होतो लोकांना."

मला वाटले, आता ताईच्या जिभेची कात्री चालणार. चालायलाच हवी होती. पण तिने त्याचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला.

"मी काच फोडणार होते," ती म्हणाली. "थर्मास होता ना हाताशी, चांगला जड आहे. उचललाही होता. मग म्हटलं, धाकटा येईलच एवढ्यात. एवढी जपतो गाडी. त्याची काच कशाला उगीच फोडायची?"

मित्रांनो, मी सांगितलेला धक्का तो हाच. ट्रक गेला तेव्हा बसला नव्हता इतका, दार उघडले तेव्हाही बसला नव्हता इतका. एका काचेसाठी! मी आयुष्यभर खाली-वर केली, ती काच. तिच्यासाठी ही बाई जीव द्यायला निघाली होती, आणि तेही रागाने नव्हे, मायेने.

"फोडायची होतीस गं," ड्रायव्हर म्हणाला. "सगळ्या फोडायच्या होत्यास. ताई, फोडायची होतीस गं." तो तेच तेच म्हणत राहिला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

दुसऱ्याच दिवशी त्याने तीन नवी हँडले आणली आणि मागच्या दारांचे खटके दुरुस्त करून घेतले. जे काम इतकी वर्षे 'उद्या'वर ढकलले होते, ते दुपारच्या जेवणाआधी झाले. ताई आता कुबड्या सोडून चालते. शिवणकाम पुन्हा सुरू झाले आहे आणि जीभही. मी पुढच्या डाव्या दारावर असतो. आता मला कोणी मागत नाही, कोणी कौतुकाने हातात घेत नाही. नवी हँडले चकचकीत आहेत, माझी मूठ झिजून पांढुरकी झाली आहे. बाहेरच्या पत्र्यावर मी उठवलेले ओरखडे अजून आहेत. ड्रायव्हर त्यावर रंग लावू देत नाही. गाडीत वारा अजूनही तसाच खेळतो, पण कोणी 'गारेगार' अशी हाक मारली की तो चटकन दुसरीकडे पाहतो.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. एसी नसलेल्या गाडीतही माणूस सुखाने जाऊ शकतो. वारा एका बाजूने घ्या, दुसऱ्या बाजूने सोडा, फडके ओले करा, दारे उघडून आधी वाफ जाऊ द्या. पण उभ्या, बंद गाडीत कोणाला एकटे ठेवू नका. म्हाताऱ्या माणसाला नको, तान्ह्या बाळाला नको, कुत्र्याच्या पिल्लालाही नको. सावलीत नको, पाच मिनिटे नको, माया असेल तर मुळीच नको.

आणि कधी एखाद्या बंद गाडीत कोणी निपचित पडलेले दिसले, तर आरडाओरडा करून मोठ्या माणसांना बोलवा. दार उघडत नसेल, तर त्यांना काच फोडायला सांगा. तुम्हीच आत अडकलात आणि हाका कोणाला ऐकू जात नसतील, तर हाताशी असेल ते उचला आणि स्वतः फोडा. कोणाच्या गाडीची आहे, केवढी महाग आहे, कोण रागावेल, याचा विचार करत बसू नका. मी आयुष्यभर काचा सांभाळल्या आहेत. काचेला जरा तडा गेला तरी माझा जीव कळवळतो. तरीही मीच तुम्हाला सांगतो, फोडा. आणि कोणी जाब विचारलाच, तर सांगा की गाडीच्या हँडलनेच तसे सांगितले होते.